रानातल्या सालीची दोरी सुटते कशानं आणि तुटते कशानं

तुमचा प्रश्न वाचला भाऊ, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुम्ही मे महिन्यात जंगलाच्या कडेची मुरुडशेंग तोडून साल काढली, ती तुकड्या-तुकड्यात निघाली, तशीच ओली असताना दोन पदर एकमेकांभोवती गुंडाळून दोरी केली, हातातून सोडली की ती उलगडायला लागली म्हणून टोकाला गाठ मारून टाकली, आणि त्या दोरीनं शेळी बांधली तर सकाळी शेळी दुसऱ्याच्या वावरात. आता विचारताय की झाड चुकलं का, आपल्याकडच्या रानातली कोणती झाडं दोरीला चालतात, आणि सुटणार नाही अशी दोरी हातानं वळायची कशी.

झाड अजिबात चुकलं नाही. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या रानात दोरीसाठी मुरुडशेंगेसारखं झुडूप शोधून सापडणार नाही, जुने लोक तिचेच दोर करायचे. घोळ दुसरीकडं झालाय. दोरी सुटणं आणि दोरी तुटणं ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि लोक दोन्हीवर एकच औषध करतात, म्हणजे अजून घट्ट पिळत बसतात. सुटते ती पिळाच्या दिशेमुळं, तिथं जोर लावून काही फायदा नाही. तुटते ती एकतर सालीमुळं नाहीतर सांध्यामुळं, म्हणजे वळताना नवीन धागा जोडतो त्या जागेमुळं, आणि नवीन माणसाची बहुतेक वेळा सांध्यातच तुटते, तुमची पण तिथंच तुटली असणार, तुटलेली टोकं ठेवली असतील तर बघा, टोक कापल्यासारखं दिसणार नाही, विस्कटलेलं आणि सरकून बाहेर आलेलं दिसेल.

आधी सालीचं बोलू. मे महिना म्हणजे सालीसाठी सगळ्यात वाईट टाइम. उन्हाळ्यात झाडात रस कमी, साल लाकडाला चिकटून बसलेली, ओढली की मधेच तुटते आणि हातात वीत-दीड वीतीचे तुकडे येतात. पावसाळ्यात झाड जोमात वाढत असतं, साल आणि लाकूड यांच्या मधला थर ओला आणि कोवळा असतो, तेव्हा बुडाशी विळ्यानं खाच पाडून दोन बोटांत धरून ओढलं की शेंड्यापर्यंत अख्खा पट्टा निघून येतो. आषाढापासून भादव्यापर्यंत हे काम करायचं, दसऱ्यानंतर हळूहळू अवघड होत जातं. आणि जुनं झुडूप घेऊ नका. आधीच्या वर्षी तोडलेल्या बुंध्याला जे सरळ फोक फुटतात ते घ्या, अंगठ्याएवढे जाड, माणसाच्या उंचीचे, फांद्या नसलेले. जिथं फांदी फुटते तिथं धागा वळसा घेतो आणि साल सोलताना नेमकी तिथंच फाटते, म्हणून एक फांद्यावाला फोक घेण्यापेक्षा दोन बारीक सरळ फोक बरे. तोडताना विळा बुडाशी मारायचा, मुळासकट उपटायचं नाही, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी तुम्हाला परत तसेच सरळ फोक मिळतात, जितकं तोडाल तितकं हे झुडूप दोरीच्या कामाचं होत जातं.

कोणत्या झाडाच्या सालीत धागा असतो हे ओळखायची एक सोपी खूण आहे. भेंडी, अंबाडी, कपाशी, पेटारी, चिकणा ही सगळी एकाच कुळातली, आणि मुरुडशेंग न् धामण यांनाही आताचे वनस्पतीशास्त्रवाले त्याच कुळात धरतात. ह्या कुळाचा गुणच असा की सालीच्या आतल्या बाजूला लांब चिवट धाग्यांचा थर असतो. हिरवी पऱ्हाटी कधी हातानं मोडायला गेला असाल तर माहीत असेल, आतलं लाकूड कडकन मोडतं पण साल काही केल्या सोडत नाही, लोंबकळत राहते अन् शेवटी विळाच आणावा लागतो. अनोळखी झाडावर हीच टेस्ट करायची, काडी मोडायची, साल ओढायची, तिची बोटभर रुंद पट्टी पिळून एक साधी गाठ मारायची आणि दोन्हीकडून ओढायचं. गाठीत कट्कन तुटली तर सोडून द्या ते झाड. गाठ आवळून बारीक झाली तरी टिकली तर घ्या. आपट्याची साल पण ह्या टेस्टला मस्त उतरते, त्याचं कुळ वेगळं, पण साल लय चिवट. फक्त पांढरा चीक निघणाऱ्या झाडावर असं उघड्या हातानं खेळत बसू नका, त्याचं खाली सांगतो.

आता कुजवण. भाऊ तुम्ही साल ओली असताना तशीच वळली, ते तात्पुरत्या कामाला चालतं, तुरीच्या पेंढ्या बांधायच्या असतील, कुडाला कामट्या आवळायच्या असतील तर ओल्या सालीची पट्टीच घ्यावी, त्यात काही वावगं नाही. पण दावं करायचं तर सालीतला धागा आणि धाग्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ वेगळे करावेच लागतात. तो चिकट भाग पाण्यात जीवाणू खातात, धागा तसाच राहतो, कुजवण म्हणजे एवढंच. ओली साल वाळताना आकसते, मग जी दोरी संध्याकाळी कडक घट्ट होती ती दोन दिवसांनी ढिली पडते, पदरांमध्ये फट दिसायला लागते आणि त्यातला प्रत्येक पट्टा वेगवेगळा ओढला जातो, सगळे मिळून ताण घेत नाहीत. एकेक करून तुटत जातात मग.

मुरुडशेंग कुजायला दोन-तीन आठवडे घेते, अंबाडी पण साधारण तेवढेच, सण म्हणजे बोरू असेल तर गरम दिवसांत आठवड्याच्या आतच होतो. पण दिवस मोजून काढू नका, पाणी किती गरम, काड्या किती जाड यावर सगळं आहे. चार-पाच दिवसांनंतर रोज एक काडी काढून बघायची. बुडाकडून मोडायची, लाकडाचं टोक धरून साल अंगठ्यानं मागं ढकलायची. अजून व्हायची असेल तर साल अडखळते आणि हिरवट पापुद्रा धाग्याला चिकटून राहतो. झाली असेल तर हातमोजा निघावा तशी साल अख्खी सरकते, खालचं लाकूड पांढरं स्वच्छ दिसतं आणि बोटांना बुळबुळीत लागतं. तो दिवस साधायचा, त्याच्यापुढं दोन-तीन दिवस ठेवलं तर जीवाणू मग धाग्यावरच उतरतात आणि वाळल्यावर तो धागा दिसायला छान, मऊ, रेशमासारखा, पण ओढला की तुटतो. नवीन लोक मऊ धागा बघून खूष होतात, म्हणून सांगतोय.

पेंढीचं बूड जाड असतं त्यामुळं ते उशिरा कुजतं, म्हणून पहिले दोन-तीन दिवस पेंढ्या उभ्या ठेवायच्या, बूड पाण्यात आणि शेंडा वर, मग आडव्या करून सगळ्या बुडवायच्या. वर दगड ठेवायचे. चिखलाचे गोळे, माती, पाला असलं काही वजनाला ठेवू नका, मातीतलं लोखंड आणि सालीतला तुरटपणा एकत्र आला की धागा काळा पडतो अन् मग कितीही धुवा, जात नाही. जागा बघताना गावचा पाणवठा, विहीर, गुरं पाणी पितात तो डोह हे सोडून. कुजवणीच्या पाण्यातला प्राणवायू जीवाणूच संपवतात, मासे मरतात, वास तर असा येतो की शेजारी भांडायला येतील. थोडंसंच करायचं असेल तर शेताच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा ड्रम बेस्ट, वरची झाकणी अर्धवट उघडी, मधून अर्धं पाणी बदलायचं आणि एक घाणा संपला की त्यातलं तांब्याभर पाणी पुढच्या घाण्याला विरजण म्हणून ठेवायचं. बंगालमध्ये बराकपूरला तागाचं जे केंद्रीय संशोधन केंद्र आहे त्यांनी क्रायजाफ सोना नावाची जीवाणूंची पावडर काढली आहे, तिनं कुजवणीचे दिवस कमी होतात आणि पाणी कमी असलं तरी भागतं, पण ती एकरानं अंबाडी करणाऱ्याच्या कामाची, आपल्या दोन पेंढ्यांना विरजण पुरतं. घाई असेल तर साल चुलीवर राखेच्या पाण्यात दोन-तीन तास उकळून पण धागा मोकळा होतो, राख पळसाची बाभळीची कुठलीही चालते, त्यानंतर मात्र साध्या पाण्यात भरपूर धुवा नाहीतर राखेचा खार धागा आणि हात दोन्ही खातो.

धुताना आपटायचं, पिळायचं नाही. वाहत्या पाण्यात एका टोकाला धरून मागं-पुढं झटकत राहायचं, गर वाहून जातो आणि धाग्यांचा गुंता होत नाही. मग काठीवर नाहीतर तारेवर लटकवून वाळवायचं, जमिनीवर पसरलं की कचरा चिकटतो. उरलेल्या अंबाडीच्या सणकाड्या फेकू नका, चूल पेटवायला त्याच्यासारखं काही नाही.

रानातलंच पाहिजे असा हट्ट नसेल तर माझं मत विचाराल तर शिकायला अंबाडीच घ्या. धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधानं, नाहीतर कपाशीत दोन ओळी टाकल्या की भाजी पण होते, बोंडांचं शरबत पण होतं आणि साल पण मिळते. पण धुऱ्यावर विरळ लावलेली अंबाडी फांद्या टाकते अन् धागा आखूड येतो, दोरीसाठी एका कोपऱ्यात दाट पेरावी, म्हणजे आठ-दहा फूट सरळ वाढते. फुलावर आली की कापायची, साधारण दसऱ्याच्या आसपास. बी धरेपर्यंत थांबलात तर बी मिळेल पण धागा राठ होतो, दोन्ही एकाच झाडातून मागू नये. आणि म्हणूनच पोळ्याचे कासरे नेहमी आदल्या वर्षीच्या अंबाडीचे असतात, पोळ्याला तर या वर्षीची अंबाडी हिरवीच उभी असते. मला हे ज्यांनी शिकवलं ते आमच्या गावातले मातंग समाजातले एक बाबा, पिढ्यानपिढ्या दोर वळायचं काम, श्रावण लागला की त्यांच्या ओट्यावर वेसणी, म्होरक्या, कासरे, मटाट्या यांचे ढीग पडायचे आणि सगळं त्याच आढ्याला वर्षभर लटकवलेल्या वाखातून, म्हणजे काढून वाळवलेल्या धाग्यातून, निघायचं. ते म्हणायचे, "हात लावून पाह, धागा सांगते तुले काय करायचं ते." खरं होतं ते, फक्त त्यांच्या हाताला सांगायचा, आम्हाला ऐकू यायला बराच काळ गेला.

बाकीची झाडं पटापट सांगतो. घायपात, आमच्याकडं केकताड म्हणतात, मूळचं मेक्सिकोकडचं पण रेल्वेलाइनीच्या कडेनं आणि धुऱ्या-धुऱ्यानं कुंपण म्हणून इतकं लावलं गेलं की आता आपलंच वाटतं. त्याचा धागा सालीत नाही, पानात असतो. खालची बाहेरची पानं घ्यायची, मधला कोंब नि आतली पानं सोडायची. टोकाचा अन् कडेचा काटा आधी छाटा, पान दगडावर मोगरीनं ठेचा, मग तिरप्या फळीवर ठेवून बोथट पातीनं गर खरवडून काढा. धार असलेली पाती घेऊ नका, धागा कापला जातो. शंभर किलो पानांतून तीन-चार किलो वाख निघतो फक्त, त्यामुळं मेहनत लय आणि हाती कमी असं वाटतं. रस अंगाला लागला की खाज सुटते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि ज्याची कातडी नाजूक त्यानं या वाटेला जाऊच नये. खरवडलं की लगेच धुवा, तसंच ठेवलं तर वाख हिरवट-तपकिरी होतो. दोर एकदम दणकट होतो, बाजेला, कुंपणाला, ओझं बांधायला चांगला, पण राठ असतो, गुराच्या मानेला किंवा वेसणीला लावू नका, कातडी सोलून निघते.

रुई. धागा बारीक, पांढरा, चमकदार आणि इतका मजबूत की जुन्या काळी धनुष्याची दोरी नि मासे धरायच्या गळाची दोरी याचीच करायचे. पण हिला पाण्यात कुजवायचं नाही. काड्या तोडून एक-दोन दिवस वाळू द्यायच्या, चीक सुकतो, मग ठेचून साल उकलायची आणि आतला धागा बोटांनी वेगळा करायचा. अन् चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हे मी गमतीत नाही सांगत. रुईचा चीक डोळ्यात गेला की कधीकधी फार दुखत पण नाही, त्यामुळं माणूस दुर्लक्ष करतो आणि काही तासांत धुरकट दिसायला लागतं. गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडं. शनिवारी मारुतीला रुईची पानं तोडतात तेव्हा जसे हात धुतो तसे धुवायचे, त्याच्या दुप्पट.

पळसाच्या मुळ्यांचा पण दोर होतो. धुऱ्यावरच्या पळसाच्या बोटभर जाड आडव्या मुळ्या उकरायच्या, एका झाडाच्या एकाच बाजूच्या, बाकी झाड तसंच राहू द्यायचं. दगडावर ठेचलं की बाहेरची साल गळून पडते आणि लालसर राठ धागा उरतो. घराला चुना मारायचे कुंचे याच मुळ्या ठेचून करायचे, कित्येकांनी पाहिले असतील. काम किचकट आहे, सुरुवातीला नका करू. शिंदीची पानं हिरवी असताना चिरून वळली की साधी बांधायची दोरी होते, फडे, चटया करणारे लोक तेच वापरतात.

जंगलाबद्दल एक गोष्ट. टिपेश्वर, ताडोबा असल्या अभयारण्याच्या नाहीतर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून काडी पण आणायची नाही, गुन्हा आहे, आणि वाघाचं तर बोलायलाच नको. जिथं ग्रामसभेला २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क मिळालेत तिथं ग्रामसभेला विचारून घ्या, नाहीतर धुरा, पडीक, नाल्याचा काठ, रस्त्याची कड, एवढ्यात पेटारी, चिकणा, रुई, केकताड, पळस सगळं मिळतं.

आता पीळ, खरा विषय. तुम्ही दोन पदर नुसते एकमेकांभोवती गुंडाळले, पदरांना स्वतःचा पीळ दिला नाही, किंवा दिला असेल तर त्याच दिशेनं दिला. असं केलं की सगळा पीळ एकाच बाजूला उलगडायला मोकळा असतो, सोडलं की फिरत फिरत सुटणारच, गाठ मारली तर गाठीच्या मागं ढिली पडणार. दोरी उभी राहते ती दोन विरुद्ध पिळांच्या भांडणावर. प्रत्येक पदर उजवीकडं पिळायचा, आणि ते दोन पिळलेले पदर एकत्र डावीकडं पिळायचे. पदर उलगडायला बघतो तेव्हा दोरी अजून आवळते, दोरी उलगडायला बघते तेव्हा पदर आवळतात, दोघंही एकमेकांना धरून बसतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय उगाच नाही. उजवं-डावं कुठलंही आधी घ्या, फक्त दोन्ही उलट पाहिजेत आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

प्रत्यक्ष करायचं कसं ते लिहितो, हळूहळू वाचा आणि हातात धागा घेऊनच वाचा. वाख आदल्या रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, नुसता दमट पाहिजे, पाणी निथळणारा नको, कारण भिजून फुगलेला धागा वाळल्यावर बारीक होतो आणि परत ढिलेपणाचंच दुखणं. काडीपेटीतल्या काडीच्या दुप्पट जाडीचा झुपका घ्या. त्याला बरोबर मधोमध दुमडायचं नाही, एक बाजू दुसरीच्या दुप्पट लांब राहील असं दुमडा, का ते सांध्याजवळ कळेल. दुमडायच्या जागी दोन्ही हातांनी पिळत राहा, आपोआप आटी पडून एक छोटा फास तयार होतो. तो फास डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत धरा. आता बसा, उजवा पाय लांब करून, मांडीवर दोन्ही पदर एकमेकांपासून बोटभर अंतरावर आडवे ठेवा, उजव्या तळव्याला जरासं पाणी लावा आणि तळवा गुडघ्याकडं दाबून ढकला. दोन्ही पदर एकाच वेळी एकाच दिशेनं पिळले जातात. ढकलायचं संपलं की तळवा न उचलता दोन्ही पदर जवळ आणा आणि तळवा मागं पोटाकडं ओढा. मागं येताना ते दोघं एकमेकांवर चढतात, उलट्या पिळानं, आणि तुमच्या डाव्या बोटांसमोर दोन-तीन बोटं तयार दोरी दिसते. डावी बोटं पुढं सरकवा, जिथं दोरी संपते तिथं पकडा, परत पुढं, परत मागं. पुढचा फेरा लांब आणि दाबून, मागचा आखूड आणि हलका, हे प्रमाण हाताला बसलं की काम पळतं. उघड्या मांडीवर पुरुषांनी करू नका, केस असे ओढले जातात की शिव्या तोंडातून निघतात, धोतराचा नाहीतर जुन्या जीन्सचा तुकडा मांडीवर घ्या, जीन्स तर एकदम मस्त, पकड येते.

मांडीवर जमत नसेल तर नुसत्या बोटांनी पण होतं, हळू होतं एवढंच. वरचा पदर आपल्यापासून दूर पिळायचा आणि मग तो खालच्या पदरावरून आपल्याकडं ओढून खाली आणायचा, आता जो वर आला त्याला तसंच. दूर पिळ, जवळ ओढ, बस. बकऱ्या राखता राखता, गप्पा मारता मारता होतं. व्हिडिओत बघून लोक ओढतात बरोबर, पण पिळतात पण जवळच, तिथं सगळं फसतं.

बरोबर झालं का हे बघायला वीतभर दोरी झाली की दोन्ही हात सोडून द्या. जागेवर राहिली, फार तर टोकाशी जरा फिरली, तर बरोबर. गोल गोल फिरत उलगडली तर दिशा चुकली. स्वतःवरच वेटोळी घालून गुंतायला लागली तर पदराचा पीळ जास्त झालाय. धाग्याची रेषा दोरीच्या लांबीशी काटकोनाच्या अर्ध्यापेक्षा कमी तिरकी दिसली पाहिजे, फार उभी असेल तर ढिली, फार आडवी असेल तर दोरी कडक होते आणि वाकवली की मोडते.

सांधा. हे नीट वाचा कारण तुमची शेळी इथंच सुटली. एक पदर बारीक व्हायला लागला, मूळ जाडीच्या अर्ध्यावर आला, की त्याच वेळी नवीन झुपका घालायचा, पदर संपायची वाट बघायची नाही. नवीन झुपक्याचं टोक कापून बोथट करू नका, उलट बोटांनी उपसून निमुळतं करा. ते टोक जुन्या पदराला लागून चार बोटं मागपर्यंत न्यायचं, म्हणजे जिथं दोरी तयार झालीय त्या चिमटीत त्याचा शेवट दाबला गेला पाहिजे, आणि दोघांना एकत्र धरून पिळायचं. जुन्याची शेपटी नव्यात मिसळून संपते. गाठ मारायची नाही, गाठीमुळं दोरीची ताकद खूप कमी होते, काही वेळा निम्म्यापर्यंत. आणि दोन्ही पदरांचे सांधे एकाच जागी कधीच यायला नकोत, एका पदराच्या सांध्यापासून दुसऱ्याचा सांधा कमीत कमी वीतभर लांब. सुरुवातीला एक बाजू लांब ठेवायला सांगितलं ते याच्याचसाठी, दोन्ही पदर एकाच वेळी संपले की दोन्ही सांधे समोरासमोर येतात अन् तिथं दोरी म्हणजे नुसतं एकमेकांना टेकलेले चार निमुळते तुकडे. अजून एक, सालीचा धागा बुडाकडं जाड आणि शेंड्याकडं बारीक असतो, म्हणून झुपक्यात अर्धे धागे उलटे घाला, दोरी सगळीकडं सारखी येते. वर जे केस बाहेर राहतात ते काम संपल्यावर कात्रीनं कापा किंवा दोरी ताणून धरून आचेवरून झपकन फिरवा. पहिल्याच दिवशी सांधा दिसायला सुंदर यावा ही अपेक्षा सोडा, दिसायला कसा का असेना, ओढून बघा, सरकला नाही म्हणजे झाला.

हे असं केलं की सुतळी तयार होते. शेळीला नुसती सुतळी चालत नाही, करंगळीएवढी तीन पदरी पाहिजे. त्यासाठी तीन सुतळ्या घ्या, प्रत्येकीला तिच्या आधीच्याच पिळाच्या दिशेनं अजून पीळ चढवा, इतका की सैल सोडली की वेटोळी घालेल, आणि मग तिघी एकत्र उलट दिशेनं वळा. लांब दोर असेल तर तीन टोकांना तीन माणसं नाहीतर तीन आकडे, दुसऱ्या टोकाला एक माणूस, आणि मधे तीन खाचा पाडलेला लाकडी ठोकळा, ज्याच्या खाचांमधून तीन पदर जातात अन् ठोकळा पुढं सरकत जातो तसा त्याच्या मागं दोर वळला जातो. लांबी कमी होते हे धरून चाला, जेवढा दोर पाहिजे त्याच्या सव्वा ते दीडपट सुतळी लागते. पुढं सुतळी जास्त काढायची असेल तर ढेरा बनवा, चार इंची लाकडाच्या दोन पट्ट्या अधिकच्या चिन्हासारख्या ठोकायच्या, मधून दांडा, दांड्याच्या वर खोबण, त्याच्यात सुतळी अडकवून फिरवून सोडायचं, वजनानं पीळ बसतो, तयार सुतळी त्याच्यावरच गुंडाळायची.

आणि एवढं सगळं नको असेल तर तीन पदरी वेणी घाला. वेणीला पिळाची दिशा चुकली तरी ती उलगडत नाही, म्होरकीला आणि गळ्याच्या पट्ट्याला वेणीच बरी कारण चपटी असते, कातडीला रुतत नाही.

दोर झाला की पाण्यात बुडवून दोन झाडांमध्ये ताणून बांधा, मधे वजन लटकवा आणि तसाच वाळू द्या, पीळ बसतो. मग जाड फडक्यानं दाबून घासा. जरासं एरंडीचं तेल चोळलं तर राठपणा जातो. आढ्याला टांगून ठेवा, जमिनीवर नको, उधई म्हणजे वाळवी लागते. वापरून ओला झाला तर वाळवूनच गुंडाळायचा, ओल्यानं ताकद जात नाही पण ओला गुंडाळून ठेवला तर चार दिवसांत आतून कुजतो. एक साफ सांगतो, असा हातानं वळलेला दोर विहिरीत उतरायला, झाडावर चढायला, माणसाचं वजन टांगायला वापरायचा नाही, कितीही भारी झाला तरी.

शेवटी शेळीचं. शेळी खुंट्याभोवती एकाच बाजूनं फिरत राहते, दर फेऱ्याला दोरीचा एक पीळ सुटतो नाहीतर एक चढतो, आणि सुटायच्या बाजूनं रात्रभर फिरली की चांगली वळलेली दोरी पण पोकळ होते. खुंट्याला भवरकडी, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, लावा, लोखंडाची बाजारात मिळते, नसेल तर खुंट्यावर सैल फिरणारं लाकडी कडं चालतं. शेळ्या दोरी चघळतात पण, म्हणून गळ्यापासून हातभर भाग रोज एकदा बोटांनी चाचपून बघा, तिथं धागे उभे राहिलेले लागले की तेवढा भाग कापून परत वळून घ्या. आणि आता जून लागलाच आहे, त्या मुरुडशेंगेच्या तोडलेल्या बुंध्यांना फोक फुटले असतील, ते या वर्षी हात लावू नका, पुढच्या श्रावणात काढा, तोपर्यंत धुऱ्यावरच्या पेटारीवर नाहीतर चिकण्यावर हात बसवा.